उघड्या दाराची ढाल

(पाळकांच्या घरातली पुढची खोली. खिडकीतून समोरच्या दगडी चर्चच्या पायऱ्या दिसतात. टेबलावर बक्षिसाची एक पितळी ढाल.)

बहीण: मोजतेच आहे, दादा. मोजायला माझं काय जातं? दोन दिवस थंड डोंगरावर राहिलास. खिडकीतून दरी दिसणारी खोली मिळाली. झाडाचं चित्र काढलेली कापडी पिशवी मिळाली. ही ढाल मिळाली. आणि वरच्या समितीत खुर्ची मिळेल. ढालवाल्याला काय उभं ठेवतील?

सेक्रेटरी: अगं, मी अजून घरीही गेलो नाही. बॅग तिथे दारात पडलीय. तुझे सासरे गेल्याचं गाडीत कळलं, तसा तडक इथे आलो.

बहीण: तडक इथे. माझ्याकडे नाही.

सेक्रेटरी: उद्याच्या विधीचं पाळकांशी बोलायला नको? कुणीतरी बोलायलाच हवं. मुख्य पाळकसाहेब स्वतः येतो म्हणालेत. चर्चच्या मंडळीच्या खजिनदाराचा विधी आहे, तो रीतसर झाला पाहिजे.

पाळक: ताई, आधी पाणी घ्या थोडं. पंखा बंद आहे, माफ करा, वीज अजून...

बहीण: तुमचा पंखा बंद आहे हे मला दिसतंय, पाळकसाहेब. समोरच तर माझं शिलाईचं दुकान. माझं मशीनही बंद आहे. मागच्या गल्लीतल्या पत्र्याच्या खोल्यांतही सगळं बंद आहे, म्हणून तर हे झालं. आणि दादा, तू विधीचं बोलायला आलास ना, मग बस. मी पण त्यासाठीच आलेय.

सेक्रेटरी: बोल.

बहीण: आधी मला एक सांग. तुझा फोन का लागत नव्हता? मी लावला, वहिनीनं लावला, आमच्या यांनी परगावाहून लावला.

सेक्रेटरी: हवामान बदलावरच्या त्या परिषदेत सगळ्यांचे मोबाइल टोपलीत ठेवायला लावले होते. कार्यक्रमच तसा होता. पृथ्वीसाठी एक दिवस यंत्रांचा उपास.

बहीण: उपास.

सेक्रेटरी: मी ठरवलेलं नव्हतं ते. सदर कार्यक्रम वरून आलेला होता.

बहीण: तू ऑफिसातून निवृत्त झालास, ऑफिस काही तुझ्यातून निवृत्त झालं नाही. सदर कार्यक्रमात तू होतास आणि चर्चची सदर किल्ली तुझ्या खिशात होती. वहिनीनं कपाट उपसलं, पिठाचा डबा उपसला, तुझ्या जुन्या कोटाचे खिसे उलटे केले. शेवटी म्हणाली, ते किल्ली अंगावेगळी करतच नाहीत गं, आंघोळीलाही दोरीत अडकवून जातात.

सेक्रेटरी: का करत नाही ते तुलाही माहीत आहे. तुझ्याच सासरच्या माणसांनी एकदा आमच्या कुलपाची दुसरी किल्ली करून घेतली होती.

बहीण: आणि त्याआधी आपल्या बापानं त्यांचं कुलूप फोडलं होतं. सांगायचं तर पहिल्यापासून सांग. पाळकसाहेब नवीन आहेत, त्यांनाही कळू दे, ते कुठे नोकरीला आलेत.

पाळक: मला थोडंफार माहीत आहे, ताई. पेटीवरून झालं ना?

बहीण: पेटीवरून. वाजवायची पेटी डाव्या भिंतीला ठेवायची की उजव्या, एवढ्यावरून. त्या पेटीचे अर्धे सूर तेव्हाच गेले होते. पण डावीकडच्या बाकांवर बसणाऱ्यांना, म्हणजे माझ्या सासरच्यांना आणि त्यांच्या माणसांना, ती डावीकडे हवी, आणि आपल्या बापाला उजवीकडे. रात्रीत पेटी इकडून तिकडे जायची. मग त्यांनी दाराला कुलूप घातलं, आपण फोडलं, मारामारी झाली. तेव्हाच्या पाळकांनी आपल्या बापाला आणि मामंजींना वेदीपुढे उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली: दाराला दोन कुलपं, एक याचं, एक त्याचं, आणि कुणीही दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. त्यानंतर मला त्या घरात दिली. लोक म्हणाले, आता मिटेल. मी गेले सासरी आणि कुलपं राहिली जागेवर.

सेक्रेटरी: अगं, इतकी वर्षं काही अडलं का? दर रविवारी दोघंही वेळेवर यायचो. मी कधी एक मिनिट उशीर केला नाही, त्यांनीही नाही. व्यवस्था चोख होती.

बहीण: रविवारी चोख होती. ऊन रविवार बघून पडत नाही.

पाळक: साहेब, खरं म्हणजे त्या बोर्डामुळे जरा...

सेक्रेटरी: बोर्डाचं काय?

पाळक: काही नाही. म्हणजे, लोक बोर्ड वाचून आले.

बहीण: बोर्ड वाचून आले, दादा. खाली तुझं आणि मामंजींचं नाव असलेला बोर्ड. गेल्या उन्हाळ्यात गल्लीतली दोन माणसं उन्हानं आजारी पडली, तेव्हा मंडळीच्या सभेत किती तळमळ होती. आपलं चर्च दगडी आहे, भिंती जाड, छत उंच, आत गार असतं, उन्हाळ्यात ते सगळ्यांना उघडं ठेवू, जगाचं हवामान बदलतंय तर आपणही काही केलं पाहिजे. सगळे माना डोलवत होते. ठराव झाला. मग बोर्डावर काय लिहायचं यासाठी सभेवर सभा. शेवटी पेंटरनं लिहिलं: ऊन सोसत नसेल तर आत या, हे दार सर्वांसाठी उघडं आहे. तो बोर्ड कुठे ठोकला? दारावर. दोन्ही कुलपांच्या बरोब्बर वर. ठोकताना एकालाही हसू आलं नाही.

सेक्रेटरी: त्या उपक्रमाची चौकट ठरायची होती. वेळ, जबाबदारी, देखरेख. आत वस्तू आहेत, गालिचा आहे.

बहीण: चौकट ठरायची होती, पण परिषदेला अहवाल तेवढा गेला. चर्चमधल्या माणसांचं एकमत होत नाही म्हणतात, ते खोटं आहे. एक ठराव बिनविरोध झाला होता, डाव्या-उजव्यांचा मिळून. आवारातली माती काढून काँक्रीट करायचं. गाड्यांना चिखल लागतो म्हणून. काल त्या काँक्रीटवर चपलेतून चटका बसत होता.

सेक्रेटरी: तुला काय हवंय ते सांग. मला टोचायला आली असशील तर टोच. शिवणकाम करणाऱ्या बाईला दुसरं काय येतं?

बहीण: मला काल काय झालं ते तुला ऐकवायचंय. तू तिथे नव्हतास. ट्रान्सफॉर्मर जळाला ते तुला कळलं असेल. दुसऱ्या दिवशीही माणसं आली नाहीत दुरुस्तीला. वॉर्डाची गाडी भोंग्यावरून सांगत गेली, म्हाताऱ्यांना, पोरांना गार जागी न्या. गार जागा कुठली ते भोंग्यानं सांगितलं नाही. ते आपल्या बोर्डानं सांगितलं. माणसं आली, दादा. एका माणसानं आईला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खुर्चीसकट आणली. एक बाई तान्हं घेऊन आली. यातलं कुणी आपल्या मंडळीतलं नव्हतं. दाराशी येऊन वर बोर्ड वाचायचे आणि खाली कुलपं बघायचे.

पाळक: मी पाण्याची घागर नेली बाहेर. आणि छत्री.

बहीण: नेलीत. ते मी नाही म्हणत नाही. मामंजी जेवायला बसले होते. मी सांगितलं तसे ताटावरून उठले. किल्ली घेऊन आले, आपलं कुलूप काढलं, खिशात टाकलं. आणि तुझ्या कुलपाकडे बघत उभे राहिले, जसं काही ते लाजून आपणहून उघडेल. मग पायरीवर बसले. मी म्हटलं, मामंजी, दुकानात चला, निदान सावली आहे. म्हणाले, बोर्डावर खजिनदार म्हणून माझं नाव आहे, लोक पायरीवर बसलेत तोवर मी उठून कुठे जाऊ?

पाळक: बायका-पोरांना मी इथे आत घेतलं, ताई. ही खोली भरली होती. पण वर पत्रा आहे, इथेही...

बहीण: इथेही भट्टी होती. माहीत आहे. शेजारचा वेल्डर लोखंड कापायची करवत घेऊन आला. म्हणाला, काका, हे कुलूप म्हणजे किती वेळाचं काम. मामंजींनी त्याचा हात धरला. म्हणाले, माझं असतं तर मीच तुला कापायला लावलं असतं, पण हे सेक्रेटरींचं आहे. या कुलपाला हात लावणार नाही असं मी वेदीपुढे म्हटलंय. तो येईल, त्याला निरोप गेलाय.

सेक्रेटरी: मला निरोप मिळाला नाही.

बहीण: टोपलीत होता.

सेक्रेटरी: तुला खरं सांगू का? तो म्हातारा मुद्दाम बसला. मला उघडं पाडायला. चारचौघांत दाखवायला की बघा, माझं कुलूप निघालं, त्याचं नाही. ओळखतो मी त्याला. इतकी वर्षं समोरासमोर बसून ओळखतो.

बहीण: असेल.

सेक्रेटरी: असेल म्हणजे?

बहीण: असेल म्हणजे असेल. तो हट्ट मी लग्न झाल्यापासून दोन्ही वेळा ताटात वाढलाय, मला काय सांगतोस? निम्मा हट्ट होता, निम्मा शब्द. मी त्यांच्यावर कालपासून चिडलेय, तुला काय वाटलं? वेल्डरला मी डोळ्यांनी खुणावलं असतं तरी त्यानं कापलं असतं. पण सासरा नाही म्हणतोय आणि सून हो कशी म्हणणार. मी कात्री हातात घेऊन दुकानाच्या दारात उभी राहिले. पाळकसाहेबांनी छत्री दिली होती, ती त्यांनी तान्ह्याच्या आईला देऊन टाकली. मग बोलायचे थांबले. मला वाटलं, डुलकी लागली. अंगाला हात लावला तर इस्त्रीसारखं. गाडीत घातलं तेव्हा श्वास होता. हॉस्पिटलच्या फाटकात नव्हता.

सेक्रेटरी: वय झालं होतं. आपण सगळ्यांनीच ते समजून घेतलं पाहिजे. पाळकसाहेब, उद्या तुम्ही एवढंच सांगा: वृद्धापकाळानं, सेवा करत असताना, देवाघरी गेले. जास्त तपशिलात जायचं कारण नाही.

पाळक: सेवा करत असताना.

सेक्रेटरी: हो. ते खोटं नाही.

पाळक: साहेब, मी... म्हणजे तसं बघायला गेलं तर मला बोलायचा अधिकार नाही. माझी नेमणूक तुमच्या कमिटीच्या हातात आहे. आणि मी कुणाची बाजू घेत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

सेक्रेटरी: मग नका बोलू.

पाळक: पण मी तुम्हाला सांगितलं होतं.

बहीण: काय सांगितलं होतं?

सेक्रेटरी: पाळकसाहेब, हा विषय आत्ता काढायचा नाही.

बहीण: काढा, पाळकसाहेब. काय सांगितलं होतं?

पाळक: परिषदेच्या आधीची गोष्ट आहे. खजिनदारसाहेब माझ्याकडे आले होते. तुम्ही बसलात त्याच खुर्चीत बसले. कुलूप हातात घेऊन आले होते, दारावरून काढून. म्हणाले, हे मी काढलंय, उन्हाळ्यापुरतं नाही, कायमचं. सेक्रेटरींना सांगा, त्यांनीही काढावं. बोर्ड लावलाय तर लाज राखली पाहिजे. आणि म्हणाले, पेटी त्यांना हव्या त्या भिंतीला ठेवू दे, मला हल्ली ऐकूही कमी येतं.

बहीण: हे मला घरात कधी बोलले नाहीत.

पाळक: मी लगेच साहेबांकडे गेलो. साहेब आनंदाने म्हणाले... साहेब, मी चुकत असेन तर सांगा. साहेब म्हणाले, उत्तम, पण असं गुपचूप नको. ढाल मिळणार हे जवळपास नक्की आहे. ती घेऊन आलो की कार्यक्रम करू. मुख्य पाळकसाहेबांना बोलावू. तबकात दोन्ही किल्ल्या ठेवू, त्यांच्या हस्ते कुलपं उघडू, फोटोवाला सांगू. तोवर खजिनदारांना म्हणावं, थोडं थांबा, कुलूप परत लावा.

बहीण: आणि तुम्ही त्यांना तसं सांगितलंत.

पाळक: सांगितलं. ते हसले. म्हणाले, इतकी वर्षं थांबलो, अजून एक फोटो थांबतो. आणि जाऊन कुलूप परत लावून आले.

बहीण: म्हणजे हे मिटलेलं होतं.

सेक्रेटरी: माझा हेतू वाईट नव्हता.

बहीण: कुलपं निघणार हे ठरलेलं होतं. भांडण संपलं होतं. फोटोवाला यायचा राहिला होता, एवढंच. काल दिवसभर मला वाटत होतं की माझे दोन्हीकडचे हट्टी पुरुष पेटीवरून एकमेकांना मारतायत. मी स्वतःला समजावत होते की जुनं दुखणं आहे, कुणाचा काय दोष. पेटीवरून गेले असते तर मी तुला कदाचित माफही केलं असतं, दादा. ते तबकावरून गेले.

सेक्रेटरी: अगं, सगळ्या मंडळीनं बघावं असं वाटलं मला. डाव्या-उजव्यांनी मिळून. त्यात माझाच काय फायदा?

बहीण: तो मी आल्या आल्या मोजून दाखवला. पिशवी धरून.

सेक्रेटरी: आणि मला वाटलं, आज आपण काढलं तर उद्या गावभर होईल की पहिलं कुलूप तुझ्या सासऱ्यानं काढलं. आपल्या बापाचं नाव आहे त्या कुलपामागे.

बहीण: आता हे खरं बोललास. मला एक सांग, स्टेजवर तू काय वाचलंस?

सेक्रेटरी: अहवाल.

बहीण: अहवालात काय होतं?

सेक्रेटरी: तुला माहीत आहे.

बहीण: तुझ्या तोंडून ऐकायचंय.

सेक्रेटरी: मी म्हणालो, इतर मंडळ्या हवामान बदलावर बोलतात, आम्ही दार उघडलं. मी म्हणालो, आत्ता, या क्षणी, मी तुमच्यापुढे उभा असताना, आमच्या चर्चमध्ये गल्लीतली माणसं गारव्याला बसली असतील. ते लिहिलेलं नव्हतं. ओघात बोलून गेलो. टाळ्या पडल्या.

बहीण: हे जेवणाआधी की नंतर?

सेक्रेटरी: नंतर. जेवणानंतरचं पहिलं सत्र.

बहीण: त्या वेळी ते पायरीवर आडवे होते.

पाळक: ताई, साहेबांना जरा बसू द्या. साहेब, पाणी घ्या.

बहीण: बसू दे. मी विधीचं सांगते, ते बसून ऐकता येईल. माझं आमच्या यांच्याशी फोनवर बोलणं झालंय. ट्रक घेऊन निघालेत, पहाटेपर्यंत पोचतील. मयत आमच्या घरची आहे आणि विधी कुठे करायचा ते आम्ही ठरवणार. मामंजींना चर्चच्या पायरीवर ठेवायचं. ते बसले होते तिथे. भर दुपारी. ज्याला रडायचं असेल त्यानं काँक्रीटवर उभं राहून रडावं. गीतं म्हणायची, वचन वाचायचं, तुमचं भाषण व्हायचं, सगळं तिथेच. छत्र्या आणायच्या नाहीत.

सेक्रेटरी: वेडी आहेस का? मुख्य पाळकसाहेबांना उन्हात उभं करणार? लोक काय म्हणतील? मंडळीची अब्रू...

बहीण: मंडळीची अब्रू शवागारात आहे. सकाळी सही करून आणायची आहे.

सेक्रेटरी: मी दार उघडतो ना. ही बघ किल्ली. घे. तूच घे. आत विधी करू, पुढच्या बाकाजवळ, फुलं आणू. मी तुझ्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलंय.

बहीण: ते राहू दे. किल्ली मला नको.

सेक्रेटरी: मग काय हवंय?

बहीण: खिडकीतून बघ. बघ ना. पायरीवर कोण आहे?

सेक्रेटरी: कोण आहे?

बहीण: खुर्चीतली म्हातारी. तिचा मुलगा. ती तान्ह्याची आई, आणि कालचेच सगळे. वीज आजही आली नाही, दादा. काल त्या पायरीवर माणूस गेला, तरी आज पुन्हा तिथेच येऊन बसलेत, कारण दाराच्या फटीतून थोडी गार हवा येते. तू बॅग घेऊन त्यांच्यामधून वाट काढत इथे आलास. कुणी ओळखलं नाही तुला आणि तू कुणाकडे बघितलं नाहीस. उद्याचं उद्या. आत्ता जाऊन उघड.

सेक्रेटरी: एकटा?

बहीण: कुलूप तुझं एकट्याचंच राहिलंय दारावर. त्यांचं माझ्या पिशवीत आहे. हॉस्पिटलनं चष्म्याबरोबर दिलं.

सेक्रेटरी: ते मला काय म्हणतील?

बहीण: काही म्हणणार नाहीत. आत जातील. गालिच्यावर पाय देऊन जातील, तेवढं सोस. आणि कुलूप काढलंस की परत लावायचं नाही. रात्री नाही, पावसाळ्यात नाही, चोरी झाली तरी नाही. असं केलंस तर उद्या मामंजींना आत आणेन. नाही तर पायरी आहे आणि ऊन आहे.

सेक्रेटरी: आणि बाकीची कमिटी?

बहीण: कमिटीला सांग, चौकट ठरली.

सेक्रेटरी: बरं. जातो. ही ढाल... ही इथेच राहू दे, पाळकसाहेब. उद्या तर मुळीच मांडू नका. कुठेतरी आत ठेवून द्या.

बहीण: आत कशाला? बरोबर ने. ते दार जड आहे, सोडलं की आपलंआप लागतं. उघडं राहायला खाली काहीतरी अडकवावं लागेल. पितळेची आहे ना, पुरेल.

पाळक: साहेब, मी येतो तुमच्याबरोबर. घागर घेऊन येतो. ताई, एक विचारू का? उद्या मला मंडळीपुढे काहीतरी म्हणावंच लागेल. वृद्धापकाळानं असं म्हणू की नको?

बहीण: नको.

पाळक: मग काय सांगू?

बहीण: झालं तेच सांगा, सरळ. दादाला ढाल मिळाली. तुमची नोकरी राहिली. माझं सुनेचं वळण राहिलं. कमिटीचा गालिचा राहिला. आणि या सगळ्याचं जे काही बिल झालं, ते पायरीवर बसलेल्या एका माणसानं एकट्यानं भरलं.